जनरल वुड, बाबा आणि अजिंक्यताऱ्याची वही



या विकांताला खरं तर पानशेतच्या पुरावर लिहायचं ठरवलं होतं. टिपणंही काढून झाली होती. पण मध्येच घरी एक प्रकार झाला, आणि गेले पंधरा दिवस हापिसातून आलो की दुसरंच काहीतरी वाचत बसतोय. तेव्हा पानशेत पुढच्या खेपेला. आज गोष्ट एका अमेरिकन जनरलची. आणि जाता जाता आमच्या बाबांची.

सुरुवात बाबांपासून करतो.

डिसेंबर २००२ मध्ये बाबांच्या मेंदूतला ट्यूमर पुण्यात ऑपरेशन करून काढला. मी तेव्हा पहिलीत होतो. मला आठवतं ते एवढंच, की मला मामाकडे ठेवलं होतं आणि रोज आइसक्रीम मिळत होतं (म्हणजे नक्की काहीतरी बिघडलंय, हे मला तेव्हाही कळलं होतं). बाबा घरी आले ते टक्कल करून, डोक्यावर टाक्यांची कमान घेऊन. ट्यूमरचं नाव मेनिंजिओमा. हा मेंदूच्या आवरणातून उगवतो, बहुतेक वेळा कॅन्सरचा नसतो आणि वर्षानुवर्षं हळूहळू वाढत राहतो. बाबांचा उजव्या बाजूला, अगदी माथ्याजवळ होता.

बाबा पाटबंधारे खात्यात होते. नोंदी ठेवणं हा त्यांचा पेशा आणि बहुधा स्वभावही. ऑपरेशनला एक वर्ष झालं त्या दिवशी ते अजिंक्यतारा चढून आले आणि एका जुन्या वहीत लिहून ठेवलं: पायथ्याच्या चहाच्या टपरीपासून वरच्या दरवाज्यापर्यंत ४४ मिनिटं. पुढच्या वर्षी ४१, मग ३८. तेव्हापासून दर डिसेंबरला हा कार्यक्रम ठरलेला. दरवर्षी एक ओळ. तारीख, हवा, मिनिटं, सोबत कोण. बस्स.

मागच्या डिसेंबरात बाबा गेलेच नाहीत. "थंडी फार आहे" म्हणाले. साताऱ्याचा माणूस थंडीचं कारण सांगतो म्हटल्यावर मला जरा विचित्र वाटलं. पंधरा दिवसांपूर्वी घरी गेलो तेव्हा कपाटातली वही काढून सहज चाळली, आणि सवयीप्रमाणे आकडे एक्सेलमध्ये टाकून आलेख काढला. बरीच वर्षं रेघ सपाट होती, चाळीसच्या आसपास. शेवटच्या तीन नोंदी अशा: ४७, ५५, ६८. वय वाढलं की वेळ वाढणारच, पण अशी उडी मारून नाही. मग अंगणात बाबांची चप्पल पाहिली. डाव्या पायाची पुढची कड घासून पार गेलेली, उजवी ठीकठाक.

"बाबा, एमआरआय शेवटचा कधी केला?"

"झालं असेल की वर्ष."

फाइल काढली तर चार वर्षं झाली होती.

असो. बाबांकडे परत येतो. आता जनरलसाहेबांकडे वळू, कारण ट्यूमर कुठे असतो आणि पाय का घासतो, हे मला त्यांच्यामुळेच नीट कळलं.

एकोणिसाव्या शतकात मेंदूच्या आत डोकावायचं साधनच नव्हतं. क्ष-किरण सापडले १८९५ मध्ये, आणि त्यात कवटी दिसते, मेंदू दिसत नाही. पण लंडनच्या जॉन ह्युलिंग्ज जॅक्सन या डॉक्टरनं फिट येणाऱ्या माणसांकडे बारकाईनं पाहिलं. काहींची फिट अंगठ्यापासून सुरू होते आणि एका क्रमानं वर सरकत जाते, हे त्याच्या लक्षात आलं. म्हणजे मेंदूत शरीराचा नकाशा असणार, आणि फिट त्या नकाशावरून चालत जात असणार. पुढे तो नकाशा सापडलाही. उजवा मेंदू डावं अंग हलवतो. चेहऱ्याची जागा बाजूला खाली, हाताची त्याच्या वर, आणि पायाची अगदी माथ्यावर, दोन अर्धगोलांच्या मधल्या फटीत. म्हणजे शरीराचा नकाशा चक्क उलटा टांगलेला! डाव्या पायाच्या बोटांपासून झटके सुरू होत असतील, तर गडबड उजवीकडे माथ्याजवळ. आम्ही प्रोग्रॅमर लोक एरर मेसेज वाचून कोडमधली ओळ शोधतो, तसाच हा प्रकार. फक्त चूक झाली तर माणूस जायचा.

जायचाच. २५ नोव्हेंबर १८८४ ला लंडनमध्ये रिकमन गॉडली या सर्जननं केवळ लक्षणांवरून जागा ठरवून एका तरुणाच्या मेंदूतला ट्यूमर काढला. जागा अचूक निघाली. पण जखमेत जंतू गेले आणि साधारण महिन्याभरात रुग्ण गेला. या ऑपरेशनचा इतिहासाच्या पुस्तकांत मोठा मान आहे, पण ते घर कसं सावरलं असेल, हे पुस्तकं सांगत नाहीत.

मला शोध होता तो जगलेल्यांचा. आणि ते आहेत! ग्लासगोत विल्यम मॅकेवनने १८७९ मध्ये एका चौदा वर्षांच्या मुलीचा मेंदूच्या आवरणातला ट्यूमर काढला होता. ती नंतर आठ वर्षं जगली आणि गेली ती मूत्रपिंडाच्या आजारानं. फिलाडेल्फियात डिसेंबर १८८७ मध्ये विल्यम कीन या सर्जननं घोडागाड्या बनवणाऱ्या एका सव्वीस वर्षांच्या कारागिराचं ऑपरेशन केलं. हा पठ्ठ्या पुढे तीस वर्षं जगला. अँटिबायोटिक नाही, स्कॅन नाही, रक्तपेढी नाही, आणि तीस वर्षं! मी हे बाबांना फोनवर सांगितलं तर त्यांचा पहिला प्रश्न: "गाड्या बनवायचं काम पुन्हा सुरू केलं का त्यानं?" सर्जन लोकांनी लिहिलंय ते ट्यूमरबद्दल. मला स्वतःला तो प्रश्न सुचलाच नव्हता, हे खरं.

जनरल वुडच्या बाबतीत मात्र या प्रश्नाचं उत्तर मिळतं, भरपूर मिळतं.

लेनर्ड वुड, जन्म १८६०. हा मुळात डॉक्टर. १८८४ मध्ये हार्वर्डची वैद्यकीय पदवी घेतली आणि सैन्यात डॉक्टर म्हणून लागला. अपाची नेता जेरोनिमोचा पाठलाग करणाऱ्या १८८६ च्या मोहिमेबद्दल त्याला पुढे मेडल ऑफ ऑनर मिळालं. १८९८ च्या क्यूबातल्या लढाईत 'रफ रायडर्स' या प्रसिद्ध घोडदळाचा तो प्रमुख होता आणि त्याचा दुय्यम अधिकारी होता थिओडोर रूझवेल्ट, म्हणजे पुढचा राष्ट्राध्यक्ष. क्यूबातच कधीतरी उठून उभं राहताना वुडचं डोकं छताच्या जड झुंबरावर जोरात आदळलं. पुढे त्याच जागी टेंगूळ वाढत गेलं, अशी हकीगत सांगतात. आजचे डॉक्टर मार आणि ट्यूमर यांची इतकी सरळ जोडणी करत नाहीत. पण माणसाला कारण हवं असतं. आमच्या आत्याच्या मते बाबांना हे झालं कारण ते लहानपणी चिंचेवरून पडले होते. तिचं हे मत गेल्या वीस वर्षांत कुणी बदलू शकलेलं नाही.

वुडला डाव्या पायात मुंग्या आणि झटके येऊ लागले. १९०५ मध्ये बॉस्टनला एक ऑपरेशन झालं. कवटीवरची वाढ काढली गेली, पण आतला ट्यूमर राहिलाच. झटके वाढत गेले. शेवटी फेब्रुवारी १९१० मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलात हार्वी कुशिंग नावाच्या चाळिशीतल्या सर्जनसमोर तो येऊन बसला. कुशिंगनं तोवर या जातीच्या ट्यूमरमध्ये फारसं यश पाहिलं नव्हतं. हे ट्यूमर रक्तानं भरलेले असतात, आणि रक्त थांबवण्याची विजेची सोय कुशिंगच्या हाती आली ती १९२६ मध्ये. त्यामुळे ऑपरेशन दोन टप्प्यांत केलं. एकदा कवटी उघडून पुन्हा मिटवली, आणि काही दिवसांनी पुन्हा उघडून ट्यूमर बाहेर काढला. जागा उजवीकडे, माथ्याजवळ.

हो, बाबांचीच जागा. हे वाचलं तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते आणि मी उठून पाणी प्यायलो.

आता गंमत बघा. ऑपरेशन फेब्रुवारीत. त्याच वर्षी एप्रिलमध्ये वुड अमेरिकी सैन्याचा चीफ ऑफ स्टाफ झाला! या पदावर बसलेला तो एकमेव डॉक्टर. १९१४ पर्यंत ते पद सांभाळलं. १९१५ मध्ये प्लॅट्सबर्गला नागरिकांसाठी लष्करी प्रशिक्षणाची शिबिरं उभी केली. १९२० मध्ये तर गडी राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उतरला. शिकागोच्या रिपब्लिकन अधिवेशनात पहिल्या फेरीत सगळ्यांत जास्त मतं वुडलाच होती, २८७.५ (हो, तिकडे अर्धं मतसुद्धा असतं!). पण बहुमत कुणालाच मिळेना, आणि दहाव्या फेरीत हार्डिंग निवडला गेला. म्हणजे मेंदूतला ट्यूमर काढल्यावर दहा वर्षांनी एक माणूस व्हाइट हाउसच्या दारापर्यंत जाऊन आला. १९२१ मध्ये तो फिलिपिन्सचा गव्हर्नर जनरल झाला आणि अखेरपर्यंत तिथेच राहिला.

इथं एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर लेख म्हणजे व्हॉट्सअॅपवरचा प्रेरणादायी फॉरवर्ड होईल. वुड काही संतमहात्मा नव्हता. मार्च १९०६ मध्ये फिलिपिन्समध्ये बुद दाजो या विझलेल्या ज्वालामुखीच्या विवरात आश्रय घेतलेल्या शेकडो मोरो लोकांना अमेरिकी सैन्यानं मारलं. त्यात बायका आणि मुलंही होती, आणि तिथला वरिष्ठ सेनापती वुडच होता. गव्हर्नर म्हणूनही त्याचं फिलिपिनो नेत्यांशी जमलं नाही. १९२३ मध्ये त्याच्या सल्लागार मंडळातल्या फिलिपिनो सदस्यांनी एकदम राजीनामे दिले. त्याच माणसानं कूलियन बेटावरच्या कुष्ठरोग्यांच्या उपचारांसाठी मनापासून धडपड केली, हेही खरं. आजारातून वाचलेला माणूस वाचतो तो त्याच्या सगळ्या गुणावगुणांसकट. आपण 'फायटर' म्हणून त्याचा पुतळा करतो आणि आत माणूस आहे हे विसरतो.

पण मला वुडचा धडा सापडला तो त्याच्या शेवटच्या काही वर्षांत. ट्यूमर परत वाढत होता. डावा पाय ओढला जाऊ लागला, डावा हात कमजोर होत गेला. वुड स्वतः डॉक्टर, हार्वर्डचा! पंधरा वर्षांपूर्वी हीच लक्षणं त्यानं अंगावर भोगली होती. त्याला याचा अर्थ कळत नसणार, हे मला तरी पटत नाही. पण मनिलातलं काम सोडून ऑपरेशनला जाणं लांबत गेलं. अखेर १९२७ च्या उन्हाळ्यात तो बॉस्टनला कुशिंगकडे पोचला तेव्हा डाव्या अंगात फारशी ताकद उरली नव्हती. ७ ऑगस्ट १९२७ ला ऑपरेशननंतर काही तासांत तो गेला. वय ६६. पहिल्या ऑपरेशननंतर सतरा वर्षं.

कुशिंगला हा मृत्यू फार लागला. १९२२ मध्ये या ट्यूमरला 'मेनिंजिओमा' हे नाव त्यानंच दिलं होतं, आणि या आजारातलं त्याचं पहिलं मोठं यश म्हणजे वुडच.

आता मला सगळ्यांत आवडलेला भाग. कुशिंग आपल्या रुग्णांना सांगायचा की ऑपरेशनच्या वाढदिवसाला दरवर्षी मला पत्र लिहा. कसे आहात, काय करता, काय जमतं, काय जमत नाही. आणि लोक लिहायचे! त्याची सहकारी डॉ. लुईझ आयझेनहार्ट एका छोट्या काळ्या वहीत प्रत्येक रुग्णाचं निदान आणि पुढे काय झालं याच्या नोंदी ठेवायची. कुशिंगनं १९३१ मध्ये ट्यूमरचं दोन हजारावं ऑपरेशन केलं. ते सगळे रुग्ण, त्यांचे फोटो, पत्रं आणि ट्यूमरचे नमुने यांची एक प्रचंड नोंदवही तयार झाली. हा संग्रह येल विद्यापीठात गेला, बरीच वर्षं तळघरात धूळ खात पडला, आणि २०१० पासून तिथल्या वैद्यकीय ग्रंथालयात खास दालनात मांडला आहे. वुडचा मेंदूही त्याच संग्रहात आहे.

या नोंदींचा उपयोग काय? हा ट्यूमर परत येतो का, किती वर्षांनी येतो, हे डॉक्टरला ऑपरेशनच्या टेबलावर कळूच शकत नाही. त्यासाठी दहा, पंधरा, वीस वर्षं कुणीतरी विचारत राहावं लागतं आणि कुणीतरी खरं उत्तर देत राहावं लागतं. १९५७ मध्ये डोनाल्ड सिम्पसन या सर्जननं अशाच जुन्या रुग्णांच्या नोंदी तपासून दाखवून दिलं की ट्यूमर त्याच्या आवरणासकट जितका पूर्ण निघेल, तितका तो परत यायचा संभव कमी. ती प्रतवारी आजही सिम्पसनच्या नावानं वापरतात. अडचण अशी की माथ्याजवळच्या ट्यूमरला लागूनच मेंदूतली मोठी नीला जाते. तिला धक्का लावणं धोक्याचं, म्हणून कधीकधी थोडं तिथंच सोडावं लागतं. बाबांच्या २००२ च्या कागदांवर हे स्पष्ट लिहिलंय. आमच्या भाषेत सांगायचं तर बग फिक्स झालेला नव्हता. 'माहीत असलेली अडचण' म्हणून नोंदवून, लक्ष ठेवायचं ठरवून सिस्टीम चालू केली होती. आणि सगळं सुरळीत चाललंय म्हणून एक दिवस आपण लक्ष ठेवणंच बंद केलं.

"आपण" म्हणतोय, कारण मीही त्यात आलो. मी पुण्यात नोकरीला लागलो त्या वर्षापासून एमआरआय चुकायला लागला. एका वर्षी माझी शिफ्ट, एका वर्षी ताईचं बाळंतपण. दरवेळी फोनवर "बरंय ना?" विचारायचो, ते "झकास" म्हणायचे, विषय संपला. हा प्रश्न नाही, हा उपचार झाला.

पण बाबा खरंच झकास जगले, हेही लिहायला हवं. ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाले, गाडी चालवू नका. यांनी स्कूटर विकली आणि वीस वर्षं ऑफिसला चालत गेले. सकाळी आठ आणि रात्री आठ, फिटच्या गोळ्या कधी चुकल्या नाहीत. जागरणानं फिट येऊ शकते म्हणून गणपतीत सगळी आळी जागी असताना हे दहाला झोपायचे, आणि पहाटे उठून सगळ्यांसाठी चहा टाकायचे. बढतीत साइटवर फिरती होती. ती त्यांनी नाकारली आणि टेबलावरच रिटायर झाले. लहानपणी मला याची लाज वाटायची. मित्रांचे बाबा 'साहेब' झाले, आमचे नाही. आज वाटतं, वुडनं एकही बढती सोडली नाही आणि बाबांनी सोडली, यात धैर्य कुणाचं जास्त? मला ठरवता येत नाही. पण इतिहासाच्या पुस्तकात फक्त पहिलं येतं.

बाबांना फोनवर वुडची सगळी गोष्ट सांगितली. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्याला घरात कुणी विचारलं नाही का रे, पाय का ओढताय म्हणून?"

"बाबा, तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही सांगितलं असतं?"

"नसतं," म्हणाले. मग थोड्या वेळानं, "वहीत लिहिलं होतं की पण."

खरंच लिहिलं होतं. ४७, ५५, ६८. लपवलं तोंडानं, पण वहीत एक मिनिटसुद्धा कमी करून टाकलं नाही! पाटबंधारे खात्याचा माणूस आकड्यात खोटेपणा करत नाही. वाचायला कुणी नव्हतं, एवढंच.

गेल्या मंगळवारी एमआरआय झाला. जुन्या जागेच्या कडेला, त्या नीलेजवळच, छोटी वाढ आहे. डॉक्टर म्हणाले घाबरू नका. सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन करू, वाढत असेल तर नेमक्या तेवढ्याच जागी किरणोपचार देता येतात. वुडच्या वेळी हे काहीच नव्हतं. सीटी स्कॅन आला १९७१ मध्ये, एमआरआय त्यानंतर. लार्स लेक्सेलनं स्टॉकहोममध्ये नेमक्या किरणांचं गॅमा नाइफ यंत्र वापरायला सुरुवात केली १९६८ मध्ये. वुडला मनिलाहून बॉस्टनला जायला अर्धं जग ओलांडावं लागलं. बाबांना साताऱ्याहून स्वारगेटची एसटी पकडायची होती. म्हणजे आपल्याकडे उशीर करायला तितकं मोठं कारणसुद्धा नाही.

आई म्हणते, इतकी वर्षं चांगलं झालं आणि आता पुन्हा हे. मला वाटतं, 'पुन्हा' नाही, हे सगळं एकच आहे. बाबा त्या डिसेंबरात बरे होऊन मोकळे झाले नव्हते. ते तेव्हापासून रोज आठला गोळी घेऊन, दहाला झोपून, दर डिसेंबरला गड चढून बरे राहत आले. ते काम त्यांनी एकट्यानं केलं. वही वाचायचं काम आमचं होतं, ते राहून गेलं.

सहा महिन्यांनंतरच्या स्कॅनची तारीख मी माझ्या कॅलेंडरमध्ये टाकली आहे, ऑफिसच्या मीटिंगांच्या वरती. आणि बाबांना सांगितलंय, या डिसेंबरला मी सोबत येतो. किती का मिनिटं लागेनात. काल त्यांनी उत्तर दिलं: "ये. पण वहीत खरे आकडे लिहायचे, तू दमलास तर तेही."

मंडळी, तुमच्याही घरात असं कुणीतरी असेल, पाच-दहा-वीस वर्षांपूर्वी मोठ्या आजारातून उठलेलं आणि 'झकास' असलेलं. आज फोन कराल तेव्हा "बरंय ना?" विचारू नका. किती चाललात, पायऱ्या किती चढलात, शेवटची तपासणी कधी झाली, ते विचारा.

पानशेत पुढच्या शनिवारी. नक्की.